जागृत ज्वालामुखी सहकुटुंब बघायचा, पण कुणाच्या भरवशावर?

रानवाटा

नमस्कार मंडळी,

मे महिन्यात पूर्व जावा आणि बाली करायचं घाटतंय. आम्ही दोघं, दहा वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. सासूबाई अडुसष्टच्या आहेत, पर्वती अजून न थांबता चढतात, पण थंड हवेत दम्याचा पंप जवळ ठेवावा लागतो. बालीवर इथे धाग्यांना तोटा नाही, ते वाचून झाले. माझा प्रश्न जावातल्या ब्रोमो आणि इजेन या दोन ज्वालामुखींचा आहे.

टूरवाल्याने पाठवलेल्या कार्यक्रमात एका दिवशी "पहाटे जीपने सूर्योदय, नंतर विवराच्या काठापर्यंत चढाई" आहे आणि पुढच्या रात्री "निळ्या ज्वाला, विवरात उतरणे, मास्क दिला जाईल". सुरक्षेचं काय, असं विचारलं तर म्हणाला, "मॅडम, रोज हजारो लोक जातात, टेन्शन नका घेऊ." हजारो जातात ते इन्स्टावर मलाही दिसतंच आहे. मला वेगळंच विचारायचंय. आज डोंगर उघडा ठेवायचा की बंद, हे ठरवतं कोण? कशावरून? आणि ते माझ्यापर्यंत पोचतं कसं? "जाऊ नका" एवढंच लिहायचं असेल तरी चालेल, पण कारण द्या.

भटक्या_७७

एवढा विचार केला तर घराबाहेर पाऊल टाकता यायचं नाही. लोकलच्या दारात लटकताना कोण पातळी बघतं? मी ब्रोमोच्या काठावर उभा राहून आलोय. खाली विवरात धूर, कानात घरघर, आणि काठावर चक्क गणपतीची मूर्ती. तिथले तेंग्गर लोक हिंदू आहेत, कसादाच्या सणाला विवरात भाजीपाला, कोंबड्या अर्पण करतात आणि गरीब माणसं आत उतारावर जाळी घेऊन ते झेलतात. असलं बघायला मिळत नाही कुठे. बिनधास्त जा.

चकलीचा_सोऱ्या

वाचतोय. (जाण्याची ऐपत नाही, पण माहिती हवी.)

बेसाल्टवेडी

रानवाटा, तुम्ही नेमकं विचारलंत. मी कॉलेजात भूशास्त्र शिकवते. माझं स्वतःचं काम सह्याद्रीतल्या, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झालेल्या लाव्ह्यावर, त्यामुळे त्यात शौर्य काही नाही. पण हा विषय जवळचा आहे, म्हणून जरा लांबण लावते.

ज्वालामुखी म्हटलं की लोकांना लाल लाव्हा आठवतो. लाव्हा दिसतो, बहुतेक वेळा हळू येतो, त्याच्यापासून बाजूला होता येतं. विवराच्या काठावरच्या पर्यटकांचा घात करतो तो बऱ्याचदा वाफेचा स्फोट. विवराखाली मुरलेलं पाणी खूप तापलेलं असतं, पण वरच्या दाबामुळे पाणीच राहतं. वरचा थर तडकला किंवा खालून उष्णता वाढली की ते एका झटक्यात वाफ होतं, हजारपटीहून जास्त फुगतं, आणि सोबत जुने दगड, राख, चिखल घेऊन बाहेर येतं. खोलवरून नवा मॅग्मा चढायला लागला तर जमीन फुगते, भूकंपांची रांग लागते, वायूंचं प्रमाण बदलतं, म्हणजे यंत्रांना काही दिवस आधी तरी चाहूल लागण्याची शक्यता असते. वाफेच्या स्फोटाआधी यातलं बरंचसं घडतच नाही, किंवा डोंगराच्या रोजच्या कुरबुरीत मिसळून जातं. हातात असतात मिनिटं. कधी तीही नसतात.

आता "कोण ठरवतं". इंडोनेशियात पीव्हीएमबीजी ही सरकारी संस्था डोंगरांवर नजर ठेवते आणि चार पातळ्या जाहीर करते: नॉर्मल, वास्पादा, सियागा, आवास. "माग्मा इंडोनेशिया" या त्यांच्या संकेतस्थळावर रोजची नोंद मिळते. पण ही पातळी डोंगराची तब्येत सांगते. काठावर उभ्या असलेल्या तुमच्या मुलाला किती धोका आहे, हे ती सांगत नाही. पहिल्या पातळीवरच्या विवराचा काठ तिसऱ्या पातळीवरच्या डोंगरापासून १० किमीवरच्या हॉटेलपेक्षा जास्त धोक्याचा असू शकतो. म्हणून पातळीच्या आकड्यावर थांबू नका, त्याखालची ओळ वाचा: विवरापासून किती अंतराच्या आत जाऊ नये.

ब्रोमो बराच काळ दुसऱ्या पातळीवर राहिलेला आहे, आणि त्या पातळीला सल्ला असतो की विवरापासून १ किमीच्या आत जाऊ नका. आता भटक्या_७७ यांनी सांगावं, त्या पायऱ्या कुठे नेतात?

चकलीचा_सोऱ्या

म्हणजे कुकरच की हो.

बेसाल्टवेडी

कुकर बरा. त्याला शिट्टी असते.

भटक्या_७७

पायऱ्या थेट काठावर नेतात, मान्य. पण मग तिकीट का देतात? सरकारनेच उघडं ठेवलंय ना?

तिकीटघर

इथेच तर सगळी मेख आहे. मी सहली काढण्याच्या धंद्यात आहे, स्वतःची जाहिरात करणार नाही, संपादक मंडळींनी काळजी करू नये.

तिकीट देणारं खातं वेगळं आणि डोंगर मोजणारं खातं वेगळं. ब्रोमोचं तिकीट राष्ट्रीय उद्यान देतं. त्यांच्या पावतीचा अर्थ "प्रवेशशुल्क मिळालं" एवढाच. ती सुरक्षिततेची हमी आहे असं गिऱ्हाईक समजतं, आणि आमच्यातले काही जण तसं समजू देतात.

या दोन खात्यांच्या फटीत माणसं कशी सापडतात, ते पश्चिम सुमात्रातल्या मारापीने दाखवलं. (जावातला मेरापी वेगळा, गल्लत करू नका.) हा २,८९१ मीटरचा डोंगर २०११ पासून दुसऱ्या पातळीवर होता. पीव्हीएमबीजीचा सल्ला स्पष्ट होता, विवराच्या ३ किमीच्या आत कुणी जायचं नाही. पण शिखरावर जाण्याचे परवाने निसर्गसंवर्धन खातं ऑनलाइन नोंदणी करून रीतसर देत होतं. ३ डिसेंबर २०२३, रविवार. डोंगरावर ७५ गिर्यारोहक असताना स्फोट झाला. २४ जण गेले, त्यांतले बरेच कॉलेजची मुलंमुली. बहुतेकांनी रीतसर नोंदणी केलेली होती. सल्ला एका खात्याचा, पावती दुसऱ्याची.

रानवाटा, टूरवाल्याला विचारा की पातळी वाढली किंवा अंतर वाढलं तर सहल रद्द कोण करणार, आणि पैसे कुणाच्या खिशातून जाणार. रद्द केल्यावर ज्याचं नुकसान होतं, त्यालाच "आज जायचं का" हे ठरवायला लावलं की उत्तर नेहमी "जायचं" असंच येतं. अप्रामाणिक असावंच लागतं असं नाही.

ओसाकाकर

पातळीवर विसंबण्याबद्दल जपानातला अनुभव लिहितो. ओंताके, ३,०६७ मीटर. २७ सप्टेंबर २०१४, शनिवार, पानगळीचे रंग बघायचे दिवस, आकाश स्वच्छ. सकाळी ११:५२ ला स्फोट झाला, म्हणजे शिखरावर लोक जेवणाचे डबे उघडून बसलेले. मृत आणि बेपत्ता मिळून ६३. बहुतेक जण उडालेल्या दगडांनी गेले. आणि त्या क्षणी डोंगराची पातळी होती १, जपानी हवामान संस्थेच्या तेव्हाच्या शब्दांत "सामान्य". १० आणि ११ सप्टेंबरला बारीक भूकंप वाढले होते, १० तारखेला ५२ आणि ११ ला ८५. पण जमीन फुगल्याचं दिसलं नाही, म्हणून पातळी तशीच ठेवली.

पुढे त्यांनी पहिल्या पातळीचं वर्णनच बदललं. आता तिथे "सामान्य" नाही, "हा जागृत ज्वालामुखी आहे हे ध्यानात ठेवा" अशा अर्थाचं लिहिलेलं असतं. नातेवाइकांनी दावा लावला होता. २०२२ मध्ये नागानो जिल्हा न्यायालयाच्या मात्सुमोतो शाखेने पातळी न वाढवणं चुकीचं ठरवलं, पण वाढवली असती तर हे जीव वाचलेच असते असं म्हणता येत नाही, म्हणून भरपाई नाकारली.

वाचले ते कसे, हेही सांगण्यासारखं आहे. जे डोंगरावरच्या झोपड्यांत किंवा मोठ्या खडकाच्या आडोशाला पहिल्या काही सेकंदांत शिरले, त्यांना संधी मिळाली. जे थांबून फोटो काढत राहिले, त्यांचे कॅमेरे नंतर सापडले.

रानवाटा

हे वाचून पोटात गोळा आला. पण थांबू नका, लिहा.

किवी_कोल्हापूरकर

न्यूझीलंडमध्ये राहतो, त्यामुळे व्हाकारीबद्दल लिहिणं भाग आहे. व्हाइट आयलंड म्हणून तुम्ही ऐकलं असेल.

किनाऱ्यापासून सुमारे ४८ किमीवरचं बेट, खाजगी मालकीचं. बोटीने जायचं, हेल्मेट आणि गॅस मास्क घ्यायचा, विवराच्या तळातून फिरायचं. पर्यटनाचं पुरस्कारविजेतं आकर्षण होतं ते. २०१६ च्या एप्रिलमध्ये तिथे रात्री स्फोट झाला होता, बेटावर कुणी नव्हतं म्हणून निभावलं. १८ नोव्हेंबर २०१९ ला जिओनेटने, म्हणजे इथल्या ज्वालामुखींवर नजर ठेवणाऱ्या यंत्रणेने, पातळी १ वरून २ केली. आता इथली गंमत लक्षात घ्या. आमच्याकडे ० ते ५ पातळ्या आहेत आणि ३ म्हणजे स्फोट सुरू झाला. म्हणजे २ ही स्फोटाआधीची सगळ्यात वरची पायरी. पण पाचातले दोन ऐकल्यावर कुणाला काय वाटणार? "निम्म्याच्या खाली आहे की." सहली चालू राहिल्या.

९ डिसेंबर २०१९, दुपारी २:११. बेटावर ४७ जण. २२ गेले, त्यात दोन गाइड. उरलेले २५ जखमी, बहुतेक गंभीर भाजलेले. लाव्हा नव्हताच; गरम वाफ, राख आणि आम्ल. डिसेंबर म्हणजे इथला उन्हाळा, अनेकांच्या अंगात शॉर्ट्स आणि अर्ध्या बाह्यांचे टीशर्ट. भाजलेल्यांच्या शस्त्रक्रियांसाठी इथल्या रुग्णालयांना अमेरिकेतून १२ लाख चौरस सेंटीमीटर त्वचा मागवावी लागली. हा आकडा मला कधी विसरता आला नाही.

मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट पुढे आहे. सुरुवातीला लोकांना बेटावरून काढलं ते नुकत्याच निघालेल्या सहलीच्या बोटींनी आणि आपणहून गेलेल्या खाजगी हेलिकॉप्टर चालकांनी. सरकारी बचाव यंत्रणा लगेच उतरली नाही, कारण दुसऱ्या स्फोटाची भीती होती. त्यांचंही चूक म्हणवत नाही, आणखी माणसं धोक्यात घालायची कशी? बेटावर राहिलेले मृतदेह आणायला लष्कराची माणसं चार दिवसांनी गेली. तेव्हा "काही झालं तर वाचवायला येतील" हे गृहीत धरून कुठल्याही विवरात उतरू नये.

भटक्या_७७

शिक्षा झाली का कुणाला?

किवी_कोल्हापूरकर

१३ जणांवर खटले झाले, दहा संस्था आणि तीन व्यक्ती. काहींनी गुन्हा कबूल केला, काही सुटले. मार्च २०२४ मध्ये दंड आणि भरपाई जाहीर झाली, भरपाईच एकूण १ कोटी न्यूझीलंड डॉलरच्या आसपास. मालक कंपनीलाही दोषी धरलं होतं, पण फेब्रुवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने ते रद्द केलं. म्हणणं असं, की कंपनीने फक्त जागेवर जायची परवानगी दिली होती, सहलींचं रोजचं काम तिच्या हातात नव्हतं. कायद्याच्या दृष्टीने बरोबर असेल. घरचं माणूस गेलेल्याला ते कसं पटवायचं, कुणास ठाऊक.

एक चांगलं झालं. १ एप्रिल २०२४ पासून इथल्या साहसी पर्यटनाचे नियम कडक झाले. धोका गंभीर असेल तर तो गिऱ्हाइकाला आधी स्पष्ट सांगायची सक्ती आली. व्हाकारीवर आता कुणी पर्यटकांना उतरवत नाही, विमानातून बघायचं.

डॉ_वारा

छातीरोगतज्ज्ञ आहे. रानवाटा, तुमच्या पोस्टमधली एक ओळ सगळ्यांनी सोडून दिली आहे: सासूबाईंचा दमा.

इजेनला स्फोटापेक्षा रोजचा प्रश्न वायूचा. गंधकाच्या वाफेत सल्फर डायॉक्साइड असतो. निरोगी माणसाला ज्या प्रमाणात नुसता ठसका लागेल, त्याच्या कितीतरी कमी प्रमाणात दमेकऱ्याच्या श्वासनलिका आवळतात. पंप खिशात आहे म्हणून चालेल, असं समजू नका. तिथून परत वर चढून यायचंय, पहाटेच्या थंडीत, खड्या वाटेने.

"मास्क दिला जाईल" यावर. कापडी मास्क वायूला अडवत नाही. एन-९५ राखेला चांगला, वायूला निरुपयोगी. आम्लवायूसाठी वेगळी डबी असलेला मास्क लागतो, ती डबी वापरून संपते, आणि भाड्याच्या मास्कची डबी किती जणांनी वापरली हे कुणी सांगत नाही. दाढी असेल तर कडा बसत नाही. दहा वर्षांच्या मुलाच्या तोंडावर मोठ्यांचा मास्क बसतच नाही, तो नुसता लटकतो. कार्बन डायॉक्साइड साचला असेल तर कुठलाही गाळणीचा मास्क कामाचा नाही. तो हवेपेक्षा जड असतो, खड्ड्यात बसतो, वास येत नाही. म्हणून विवराच्या परिसरात खोलगट जागी बसून विश्रांती घेऊ नका. कॉन्टॅक्ट लेन्स घालत असाल तर त्या दिवशी चष्मा.

मार्च २०१८ मध्ये इजेनच्या तळ्यातून अचानक जास्त वायू बाहेर पडला होता. सुमारे ३० जणांना दवाखान्यात न्यावं लागलं, आणि ते विवरात उतरलेले पर्यटक नव्हते, उताराखालच्या गावातले लोक होते.

थोडक्यात: सासूबाई आणि मुलगा, दोघांनाही इजेनच्या विवरात नको. काठावरसुद्धा सासूबाईंना नको.

ओसाकाकर

डॉक्टरांना दुजोरा. जपानातल्या आसो ज्वालामुखीच्या विवरापाशी दमा, ब्राँकायटिस, हृदयविकार असलेल्यांना प्रवेशच नाही, तशा पाट्या आणि घोषणा अनेक भाषांत. कारण तिथे १९८९ ते १९९७ या काळात वायूने सात पर्यटक दगावले. आता काठावर वायू मोजणारी यंत्रं आहेत. दहा लाखांत ५ भागांच्या वर सल्फर डायॉक्साइड गेला की लाल दिवा, आणि पहारेकरी सगळ्यांना हाकलतात. मी गेलो तेव्हा वारा फिरला, भोंगा झाला, आणि जेमतेम फोटो काढायला लागलेला घोळका मुकाट मागे फिरला. कुणी "पाच मिनिटं फक्त" म्हणून हुज्जत घातली नाही. काठावर काँक्रीटचे जाड निवारेही आहेत, अर्ध्या पिंपासारखे. १९५३ मध्ये सहा आणि १९५८ मध्ये बारा जण गेले, त्यानंतरची ती शिकवण.

भटक्या_७७

मी जिवंत परत आलो म्हणून सगळे माझ्यावर का चिडलेत कळत नाही 🙂 पण एक गंभीर मुद्दा. इजेनचे मजूर ७०-८० किलो गंधक खांद्यावरून चढवतात, तेही ओला फडका दातांत धरून. त्यांतले कित्येक आता पर्यटकांच्या जिवावर जगतात, गाइड झालेत. तुम्ही इथे एसीत बसून "बंद करा" म्हणणार, त्यांनी खायचं काय?

बेसाल्टवेडी

मुद्दा रास्त आहे, आणि चिडलं कुणी नाही. "बंद करा" असं मीही म्हणत नाहीये. धोका म्हणजे शक्यता गुणिले तिथे घालवलेला वेळ. शक्यता आपल्या हातात नाही, वेळ आहे. अंतर आहे. आडोसा आहे.

कोस्टारिकातलं पोआस बघा. एप्रिल २०१७ मध्ये स्फोट झाला, उद्यान वर्षभराहून जास्त बंद. २०१८ मध्ये उघडलं ते अटींवर: तिकीट आधीच वेळ ठरवून, डोक्यावर हेल्मेट, काठावर २० मिनिटं, की पुढचा गट. वायू मोजणारी यंत्रं आणि निवारे बसवले. पुन्हा कुरबुर वाढली की पुन्हा बंद करतात. गावाचं पोटही चालतं. किंवा न्यूझीलंडमधलं रुआपेहू. तिथे बर्फावर घसरायला लोक जातात आणि वर विवरात तळं आहे. स्फोट झाला तर चिखलाचा लोंढा दरीतून येणार, म्हणून भोंगे आहेत, आणि स्की करणाऱ्यांना शिकवलेलं असतं की भोंगा वाजला तर खाली पळायचं नाही, जवळच्या उंच धारेवर चढायचं. ऐनवेळी माणसाचे पाय उताराकडेच वळतात, म्हणून त्याचा सराव घेतात.

आणि तुम्ही म्हणता त्या गाइडचाच विचार करा. पर्यटक आयुष्यात एकदा तासभर जातो. गाइड रोज जातो. नियम ढिले ठेवले तर सगळ्यात जास्त वेळा जीव त्याचा धोक्यात येतो, आणि व्हाकारीवर दोन गाइड गेलेच.

टेम्सकाठची

आइसलँडची भर घालते, कारण तिथे वेगळाच गोंधळ असतो. डोंगर नाही, माळरानालाच भेग पडते. मार्च २०२१ मध्ये फाग्रादाल्सफ्यात्लला लाव्हा यायला लागला आणि अख्खं रेक्याविक बघायला लोटलं. ५ एप्रिलला आधीच्या ठिकाणापासून अंदाजे ७०० मीटरवर, लोक चालत होते त्या भागात, नवीन भेग उघडली. कुणाला लागलं नाही, नशीब. तिथली बचाव पथकं स्वयंसेवकांची, नोकरी सांभाळून येणारी. पर्यटक टेनिसचे बूट घालून येतात, थंड झालेल्या दिसणाऱ्या काळ्या पापुद्र्यावर फोटोसाठी चढतात, खाली अजून लाल असतं. २०२२ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा सुरू झाल्यावर पोलिसांनी १२ वर्षांखालच्या मुलांना बंदीच घातली. वायू जमिनीलगत साचतो आणि मुलांचं नाक जमिनीच्या जवळ, साधं कारण. रानवाटा, तुमचा मुलगा तिथे फाटकावरूनच परत आला असता.

मांडवीतीर

आपल्याकडच्या एकुलत्या जागृत ज्वालामुखीचं कुणी नाव घेतलं नाही. अंदमानातलं बॅरन बेट, पोर्ट ब्लेअरपासून सुमारे १४० किमी ईशान्येला. १९९१ मध्ये दीडएकशे वर्षांच्या झोपेतून उठलं, त्यानंतर अधूनमधून चालूच असतं. २३ जानेवारी २०१७ ला आमच्या गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे लोक "सिंधू संकल्प" जहाजावरून समुद्रतळाचे नमुने घेत होते, त्यांच्या समोरच राख उडायला लागली. जवळ न जाता त्यांनी मैलभर अंतरावरून बघितलं. दिवसा राख, रात्री लाल कारंजी. पर्यटकांना बेटावर उतरायची परवानगी नाही, बोटीतूनच बघायचं. मला तरी हे उत्तम वाटतं. माणूस राहत नाही, दुकान नाही, पायऱ्या नाहीत. म्हणून "काठापर्यंत" हा शब्दच कार्यक्रमात येत नाही.

चकलीचा_सोऱ्या

अवांतर: नोव्हेंबर २०२५ मध्ये इथिओपियातल्या हायली गुब्बीची राख उडत आपल्या डोक्यावरून गेली तेव्हा भाच्याचं विमान रद्द झालं. म्हणजे न जाताही ज्वालामुखीने गाठलंच.

तिकीटघर

अवांतर नाही, उपयोगाचं आहे. बालीला जाणाऱ्यांनी हे धरूनच चालावं. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये तिथल्याच आगुंग ज्वालामुखीमुळे बालीचा विमानतळ बंद राहिला, आणि अलीकडे फ्लोरेस बेटावरच्या लेवोतोबीमुळे बालीची विमानं वारंवार रद्द झाली. जून २०२५ मध्ये दिल्लीहून निघालेलं विमान अर्ध्यातून परत आलं. परतीच्या तारखेनंतर लगेच मुलाची परीक्षा किंवा ऑफिसचं काम ठेवू नका.

विम्याचं: पॉलिसी तिकिटाबरोबरच काढा. डोंगर पेटल्याची बातमी आल्यावर काढलेली पॉलिसी त्या घटनेला बहुधा लागू होत नाही. शिवाय सरकारने मना केलेल्या भागात तुम्ही गेलात तर कंपनी हात झटकते. काठापासून १ किमीचा सल्ला असताना काठावर पाय मुरगळला, तर दावा मंजूर होईल का, हे आधी लेखी विचारा. उत्तर वाचण्यासारखं असतं.

रानवाटा

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस गप्प होते कारण पत्रव्यवहार चालू होता.

टूरवाल्याला चारच गोष्टी विचारल्या. पातळी आणि अंतर कोण बघतं, कधी बघतं. रद्द झालं तर पैसे. मास्क कुठला. गाइडकडे वायू मोजायचं यंत्र आहे का. पहिल्या प्रश्नाला "लोकल टीम बघते", दुसऱ्याला "नॉन रिफंडेबल", तिसऱ्याला मास्कचा फोटो आला, साधा धुळीचा. चौथ्याला उत्तर नाही. तो विषय संपवला.

मग प्रोबोलिंगोच्या एका स्थानिक गाइडला लिहिलं. त्याने न विचारता त्या दिवशीचा माग्माचा स्क्रीनशॉट पाठवला आणि म्हणाला की दुसरी पातळी असेल तर मी पायऱ्यांवर नेत नाही, दुसरे नेतात, तुम्हाला हवं तर त्यांच्याकडे जा. पनांजाकानच्या बाजूने बाहेरच्या कड्यावरून सूर्योदय दाखवेन, तिथून ब्रोमो आणि मागे धुरकट सेमेरू दोन्ही दिसतात. इजेनबद्दल म्हणाला, हल्ली चढायच्या आधी डॉक्टरचा दाखला लागतो, आजींना मिळायचा नाही आणि मिळाला तरी मी नेणार नाही. नवऱ्याला काठापर्यंत, खाली नाही.

सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "कड्यावर चहा मिळतो का विचार." मिळतो म्हणे, आणि गरम भजीही.

डॉ_वारा

छान. पण पहाटे त्या कड्यावर कडाक्याची थंडी असते आणि जीपची धूळ. सासूबाईंना निघण्याआधी पंप घ्यायचा का, हे त्यांच्या डॉक्टरांना आत्ताच विचारा, तिथे जाऊन नको. धुळीसाठी एन-९५ ठेवा, त्यासाठी तो बरोबर आहे.

बेसाल्टवेडी

आणि स्क्रीनशॉट आजचा आहे, मे महिन्यातला नाही. आदल्या रात्री आणि निघताना, दोन्ही वेळा तुम्ही स्वतः बघा. भाषा इंडोनेशियन असली तरी पातळी आणि अंतराचा आकडा वाचता येतो.

भटक्या_७७

गाइडचा नंबर व्यनि कराल का? मेहुणा जातोय जूनमध्ये. तो माझ्यापेक्षा जास्त उत्साही आहे, त्याला पायऱ्यांवर न नेणाराच माणूस हवा.

रानवाटा

त्याला विचारून, तो हो म्हणाला की पाठवते. जूनमध्ये तिकडे शाळांना सुट्ट्या लागतात, जीप मिळत नाहीत म्हणत होता, लवकर कळवा.